रिपोर्ट नॉर्मल, माणूस बेजार

परवा कपाट आवरताना ती फाईल पुन्हा हाताला लागली. खाकी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, नाडीने करकचून बांधलेली. आत १९९७ ते १९९९ या काळातले माझे कागद. रक्ताचे, लघवीचे, थायरॉईडचे रिपोर्ट, तीन वेळा काढलेला ईसीजी, बेरियम पाजून काढलेले घशाचे फोटो, दुर्बिणीची तपासणी. आणि जवळजवळ प्रत्येक कागदाच्या तळाशी एकच शब्द : नॉर्मल.

हा शब्द वाचून माणसाला आनंद व्हायला हवा. मला मात्र प्रत्येक वेळी दवाखान्याच्या जिन्यातच रडू यायचं. कारण घशातला गोळा तसाच असायचा. रिकामी आवंढी गिळली की तिथे काहीतरी अडकलंय असं वाटे. जोडीला छातीत धडधड आणि उजव्या हाताला मुंग्या. मी तेव्हा लालबागच्या एका शाळेत शिकवत होते. फळ्यावर लिहिताना खडू हातातून सुटायचा आणि मुलं हसायची. घशाचा कॅन्सर असणार, डॉक्टरांना सापडत नाही एवढंच, असं मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं.

घरी सासूबाईंनी दृष्ट काढली. शेजारणीने कुठलासा अंगारा आणून दिला. मिस्टर बिचारे प्रत्येक तपासणीला रजा काढून यायचे. पण पुढे पुढे त्यांच्याही तोंडून निघून गेलं, ‘अगं, सगळं चांगलं आलंय ना? मग आता सोड की तो विषय!’ त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून मी दुखणं सांगणं सोडलं. दुखणं काही सुटलं नाही.

अखेर एका वयस्क डॉक्टरांनी फाईल मिटली आणि मानसोपचार विभागाची चिठ्ठी लिहून दिली. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात. नाव लिहीत नाही, कारण तिथे मला जी माणसं भेटली त्यांची ओळख सांगायची नाही हा आमच्या गटाचा पहिला नियम होता. पुढे येणाऱ्या माणसांचे तपशीलही मी थोडे बदलले आहेत. ती चिठ्ठी मी आठवडाभर पर्समध्ये दडवून ठेवली. ‘मला वेड लागलंय असं म्हणायचंय का यांना?’ हा एकच प्रश्न डोक्यात भणभणत होता.

ऑगस्ट १९९९. बाहेर धो धो पाऊस. तळमजल्यावरच्या एका खोलीत आठ खुर्च्या गोल मांडलेल्या. एक डॉक्टर मॅडम आणि एक समाजसेवक, त्यांच्यासाठी आणखी दोन. दर गुरुवारी दुपारी दीड तास, बारा आठवडे. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, ‘सगळ्यांनी आपापल्या फायली त्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवा. त्या आम्ही वाचल्या आहेत. आता तुम्हाला ऐकायचंय.’ आम्ही आठही जण एकमेकांकडे बघू लागलो. प्रत्येकाच्या हातात फाईल होती, आणि काहींची तर माझ्यापेक्षा जाड!

लोक बोलू लागले तशी मी थक्क होत गेले. गिरणीत साचे चालवलेले एक काका होते. जिना चढायला लागले की त्यांचे पाय गळून जात. काळाचौकीच्या मावशी खानावळ चालवायच्या; त्यांच्या पाठीत रात्रंदिवस आग पडायची. दादरच्या फुलबाजारात पहाटे चारला माल घ्यायला येणारी एक तरुण बाई होती, तिला उभ्या उभ्या चक्कर यायची. बँकेतला एक मुलगा छातीत दुखतं म्हणून सात वेळा ईसीजी काढून आला होता. परळची एक नवी सून सारखी थकलेली असायची. सगळ्यांचे रिपोर्ट नॉर्मल! अडीच वर्षं मला वाटत होतं, अख्ख्या मुंबईत अशी मी एकटीच. त्या दिवशी घरी जाताना घशातला गोळा होताच. पण एकटेपणाचं ओझं निम्मं उतरलं होतं.

ही उपचाराची रीत काही परवाची नाही, हे मला पुढे वाचनातून कळलं. बोस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये गरीब क्षयरोग्यांचे वर्ग सुरू केले. हेतू साधा होता : प्रत्येकाला वेगवेगळं समजावण्यापेक्षा एकत्र शिकवावं. पण रोगी एकत्र आले की एकमेकांना धीर देतात, आणि तो धीर औषधासारखा काम करतो, हे त्यांच्या लक्षात आलं. १९३० मध्ये त्यांनी बोस्टनच्याच एका दवाखान्यात आणखी एक वर्ग काढला. तो नेमका आमच्यासारख्यांसाठी होता : शरीराच्या तक्रारी खऱ्या, पण तपासणीत शरीराचा दोष सापडत नाही अशांसाठी. पुढे अमेरिकेतलेच आयर्विन यालोम यांनी १९७० मध्ये गटोपचारावर ग्रंथ लिहिला. गटात माणूस कशाने सुधारतो याची त्यांनी जी कारणं दिली, त्यांत ‘हे फक्त माझंच नाही’ ही जाणीव आणि आशा या दोन गोष्टी ठळक आहेत. आम्हाला त्या पहिल्याच गुरुवारी मिळाल्या होत्या.

आणि परळला तरी हे नवं कुठे होतं? १९२६ मध्ये सुरू झालेलं के.ई.एम. रुग्णालय सर्वांना ठाऊक आहे. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात पतंजलीच्या योगसूत्रांचा आधार घेऊन एक उपचारपद्धती बसवली. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान अशा तिच्या पायऱ्या होत्या. नेहमीच्या औषधोपचारांनी गुण न आलेले, मनाचा ताण शरीरावर निघणारे रुग्ण त्यांनी घेतले. त्यांनी तुलनाही केली. काही रुग्णांकडून वरवर तशीच दिसणारी आसनं आणि श्वसन करून घेतलं, पण मन एकाग्र करण्याचा भाग गाळून. संपूर्ण उपचार घेतलेल्यांना अधिक गुण आला. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात हे काम छापून आलं. त्या सहकाऱ्यांपैकी डॉ. दिलीप जेस्ते २०१२ मध्ये अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. परळच्या ओपीडीतल्या गर्दीत एवढं मोठं काम झालं, याचा मला रहिवासी म्हणून फार अभिमान वाटतो.

पण आमच्या खोलीत सगळं काही गोडीगुलाबीने चाललं असं समजू नका. तिसऱ्या गुरुवारी ठिणगी पडली. समाजसेवकांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, ‘तुमचं दुखणं कधी नसतं?’ मी म्हटलं, ‘जेवताना.’ आणि माझी मीच चपापले. भाकरीचा घास बिनबोभाट खाली जातो आणि रिकामी आवंढी मात्र अडते, हे अडीच वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग काकांची पाळी. ते विचार करून म्हणाले, ‘भजनात. टाळ धरून दोन-दोन तास उभा असतो, पाय दुखत नाहीत.’

खोली एकदम शांत झाली. काकांचा चेहरा पडला. ते उठून उभे राहिले. ‘म्हणजे तुमचं म्हणणं काय साहेब? मी सोंग करतो? वीस वर्षं साच्यावर उभा राहिलेला माणूस मी!’

मला वाटतं, या साऱ्या विषयाचं मर्म त्या प्रश्नात आहे. आमच्यातला प्रत्येक जण याच एका संशयाने आतून पोखरला गेला होता. डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘काका, भर सभेत कोणी अपमान केला तर माणसाचे कान लाल होतात. ते सोंग असतं का? कानाला रोग झालेला असतो का? दोन्ही नाही. रक्त खरंच धावतं, कान खरंच तापतात. तुमचे पायही खरंच गळतात. आपण फक्त ते कधी आणि कशाने, एवढंच शोधतोय.’

काका खाली बसले. दोन आठवड्यांनी ते आपणहून बोलले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते त्यात होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते, आणि त्यांतल्या हजारोंना पुन्हा कधीच गिरणीत घेतलं गेलं नाही. काका त्यांतलेच. आता ते एका इमारतीवर रखवालदार होते. पाय गळायचे ते त्याच इमारतीचा जिना चढताना, साहेबांच्या मुलांच्या सायकली वर नेऊन ठेवताना. ‘भोंगा वाजला की हे पाय आपोआप चालू लागायचे,’ एवढंच ते म्हणाले. त्यावर कोणी सल्ला दिला नाही. सल्ला द्यायचा नाही हा आमचा दुसरा नियम होता. मावशींनी फक्त त्यांच्या खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला.

चौथ्या का पाचव्या बैठकीत मॅडमनी एक प्रयोग केला. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास कोणाला नाही याची खात्री करून त्यांनी आम्हाला मिनिट-दीड मिनिट भराभरा श्वास घ्यायला लावला. थोड्याच वेळात माझ्या बोटांना मुंग्या आल्या. अगदी त्याच, फळ्यापुढच्या! बँकेतला मुलगा म्हणाला, ‘छातीत तस्संच होतंय.’ मॅडमनी समजावलं : घाबरल्यावर आपण नकळत वेगाने श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि मुंग्या येतात, गरगरतं. मुंग्या आल्या की आपण आणखी घाबरतो, श्वास आणखी वाढतो. हे चक्र एकदा फिरू लागलं की थांबत नाही. घशाचंही तसंच. ताणाने घशाचे स्नायू आवळतात. गोळा आहे का हे बघायला आपण पुन्हा पुन्हा आवंढी गिळतो, आणि तसं करण्यानेच तो जास्त जाणवतो. (हा प्रयोग वाचकांनी घरी करू नये, तो डॉक्टरांसमोरच बरा.) अडीच वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला ‘काही नाही’ असं न म्हणता ‘काय आहे’ ते सांगितलं होतं.

खरं तर आपल्या भाषेला हे सगळं आधीपासून माहीत आहे. पोटात गोळा येतो, काळजात धस्स होतं, हातपाय गळतात, जीव घाबरा होतो, हुंदका घशात दाटतो. मावशी तर म्हणाल्या, ‘मनाला बरं वाटत न्हाई असं कोण म्हणतं आमच्यात? पाठ दुखती म्हटलं तर निदान कोणी पानी तरी इचारतं.’ किती खरं! आपल्याकडचे लोक मनाचं दुःख शरीरातून बोलतात, असं पाश्चात्त्य तज्ज्ञ पूर्वी म्हणत. पण जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांतल्या १५ केंद्रांवर पाहणी केली, त्यात आपलं बंगळूरही होतं. तिचे १९९९ मध्ये छापलेले निष्कर्ष वेगळंच सांगतात. नैराश्याचे ६९ टक्के रुग्ण डॉक्टरांकडे केवळ शारीरिक तक्रारी घेऊन आले होते. आणि जिथे रुग्णाला कायमचा, ओळखीचा डॉक्टर नव्हता तिथे हे प्रमाण अधिक होतं. म्हणजे प्रश्न पूर्व-पश्चिमेचा नाही, ओळखीचा आहे. रांगेतल्या तीन मिनिटांत अनोळखी डॉक्टरपुढे कोण मन उघडं करील?

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वर्षांच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १२ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. आपण लगेच म्हणू, रक्त कमी असेल. पण हिमोग्लोबिनशी त्या थकव्याचा संबंध आढळला नाही. आढळला तो गरिबी आणि मनावरच्या ताणांशी. किती घरांतल्या किती बायका वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या गिळत असतील आणि मूळ गोष्ट कोणी विचारतच नसेल!

मात्र याची दुसरी बाजू सांगितली नाही तर हा लेख अर्धवट राहील. सातव्या बैठकीला परळची ती सून आली नाही. मॅडमनीच आधीच्या आठवड्यात तिला पुन्हा रक्त तपासायला पाठवलं होतं. तिचा आवाज बदललाय, चेहरा सुजलाय असं त्यांना वाटलं. थायरॉईडचा आजार निघाला! गोळ्या सुरू झाल्या आणि ती दोनेक महिन्यांत टवटवीत झाली. गटात मात्र वादळ उठलं. आम्हा सगळ्यांनाच पुन्हा सगळ्या तपासण्या हव्या झाल्या. मी तर रडतच म्हणाले, ‘मग माझाही कॅन्सर सापडला नसेल कशावरून?’

मॅडमनी सारवासारव केली नाही. त्या म्हणाल्या, ‘चूक होऊ शकते. म्हणून आम्ही तपासणं कधी बंद करत नाही. पण रोज तपासणंही चालू ठेवत नाही.’ लंडनचे एलियट स्लेटर यांनी १९६५ मध्ये हेच दाखवलं होतं. ‘हिस्टेरिया’ म्हणून घरी पाठवलेल्या अनेक रुग्णांना पुढे शरीराचेच आजार निघाले. तेव्हापासून तपासण्या सुधारल्या. २००५ मधल्या एका आढाव्याप्रमाणे अशी चूक १९५०च्या दशकात २९ टक्के होती, ती १९७०पासून ४ टक्क्यांवर आली. चार टक्के म्हणजे थोडे, पण शून्य नव्हे. म्हणून वजन उतरणं, घास अडणं, रक्त पडणं, ताप न हटणं अशी नवी लक्षणं दिसली तर ‘मनाचं आहे’ म्हणून कोणी बसू नये. आणि तेवढ्यासाठीच २०१३ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी आपल्या निदानाच्या यादीत बदल केला. ‘कारण सापडत नाही’ यावर भर न देता ‘या त्रासाने माणसाचं जगणं किती व्यापलंय’ यावर दिला. मला ते फार पटतं.

आता माझं सांगते. दहाव्या बैठकीत मॅडमनी विचारलं, ‘गोळा पहिल्यांदा कधी आला?’ मी म्हटलं, ‘बाबा गेले त्यानंतर काही महिन्यांनी, गिरगावच्या खोलीत.’ आमची दहा बाय बाराची खोली, पागडीची. भाऊ तिथेच राहत होता. ती त्याच्या नावावर व्हायची हे ठरलेलंच होतं आणि मला ती नकोच होती. पण एका रविवारी मी चहा पीत असताना त्याने कागद पुढे केला. ‘ताई, इथे सही कर. ना हरकत.’ मी सही केली आणि चहा संपवला. कोणी मला विचारलं नव्हतं, की ज्या खोलीत तू चालायला शिकलीस तिच्याबद्दल तुला काय वाटतं? ‘माझी काही हरकत नाही’ हे वाक्य मी लिहून दिलं होतं. हरकत होती, पण ती बोलायला जागाच नव्हती.

मॅडम म्हणाल्या, ‘त्या सहीनेच गोळा आला असं मी म्हणणार नाही. ते कोणीच सिद्ध करू शकत नाही. पण हे कोणाजवळ बोलला होतात?’ मी मान हलवली. काका पटकन म्हणाले, ‘आता बोललात की, बाई.’

शेवटची बैठक दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी झाली. भाऊबीजेला मी गिरगावात गेले आणि ओवाळून झाल्यावर भावाला सांगितलं, ‘खोली तुझीच. पण तू मला विचारायला हवं होतंस.’ तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘तेव्हाच का नाही बोललीस?’ मी म्हटलं, ‘तेव्हा बोलता येत नव्हतं रे.’ तो विषय तिथेच थांबला. पण महिन्याभराने त्याचा फोन आला, ‘ताई, चाळीच्या दुरुस्तीची मीटिंग आहे. काय करावं असं तुला वाटतं?’

गोळा त्या दिवशी गेला असं लिहिलं तर ते गोष्टीतलं वाटेल. तो हळूहळू कमी झाला. मुलाच्या बारावीला आला, २०२०च्या टाळेबंदीत आला. पण आता तो आला की मी फाईल शोधत नाही. श्वास सावकाश सोडते आणि स्वतःला विचारते, काय बोलायचं राहिलंय? आमच्यातल्या फुलवाल्या बाईला फारसा फरक पडला नाही, तिने मधेच येणं सोडलं. आजवरचे अभ्यासही हेच सांगतात : अशा उपचारांनी मदत होते, पण ती माफक असते, जादू नसते. काका जिना चढू लागले, मधे एकदा थांबून का होईना. आता ते नाहीत, आणि त्यांची गिरणीही नाही. तिथे उंच टॉवर उभे आहेत.

तुमच्याही घरात अशी एखादी जाड फाईल असेल. आईची, बायकोची, नोकरी गेलेल्या भावाची. तिच्यावर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असेल. कृपा करून त्या माणसाला ‘तुला काही झालेलं नाही’ असं म्हणू नका. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत मानसोपचाराचे विभाग आहेत; ऑक्टोबर २०२२पासून सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येतं. पण त्याच्याही आधी शेजारी बसा आणि एवढंच म्हणा, ‘रिपोर्ट चांगले आले, बरं झालं. आता सांग, तुला काय होतंय?’

आणि मग मधे न बोलता ऐका. आमच्या मावशी शेवटच्या दिवशी म्हणाल्या होत्या, ‘पाठ दुखतीच अजून. पर आता तिच्यावर कोणी इस्वास तरी ठेवला.’